पहिला ट्विन-लेन्स कॅमेरा घेताना

१९२९ साली जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे तयार झालेल्या, एकावर एक दोन भिंगे असलेल्या पहिल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याचे आकर्षण मी समजू शकतो. परंतु तो ११७ क्रमांकाच्या फिल्मसाठी बनवलेला असल्याने, आजही मिळणारी १२० फिल्म चालणारा रोलायकॉर्ड किंवा याशिका-मॅट हा तशाच दोन भिंगांचा कॅमेरा तुम्ही आधी घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

खरेदीपूर्वी शटर एक सेकंदावर चालवून पाहा. आतले वंगण सुकले असेल, तर ते मध्येच अडखळते. मग मागचे झाकण उघडून, शटर ‘बी’वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते ती खूण) धरून ठेवून खालच्या भिंगातून विजेरीचा प्रकाश टाका: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी समजावी. वरचे भिंग केवळ दृश्य पाहण्यासाठी असल्याने तेथील किंचित डाग छायाचित्रात उतरत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात चामड्याचे कव्हर ओल धरते, म्हणून कॅमेरा त्यातून काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. माझे एक उत्तम भिंग एका श्रावणातच गेले.