वेलीचा मांडव, पण कामाचा व्याप नको

पर्गोला म्हणा नाहीतर वेलींचा मांडव म्हणा, या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकच आहे: सावली हवी, फुलं हवीत, पण सतत शिडी लावून कात्री चालवायची नाही. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : दहा बाय दहा फुटांचा पर्गोला नुकताच उभा केला आहे. तो लवकर भरून जाईल आणि नंतर फारसं बघावं लागणार नाही, अशी वेल सुचवा.

या दोन मागण्यांचं एकमेकींशी जमत नाही. जी वेल वर्षभरात मांडव भरते, ती पुढच्या वर्षी काही थांबत नाही. मधुमालतीचंच बघा. पांढरी उमलून गुलाबी आणि मग लाल होणारी तिची फुलं कोणालाही भुरळ घालतील, पण ती मुळांतूनही फुटवे काढते आणि दहा फुटांत तिला कोंडून ठेवायचं म्हणजे कायमचं काम. निळ्या फुलांची मोठी थनबर्जिया तर तिच्याही पुढची. या वेली लांबरुंद मांडवालाच शोभतात.

तुमच्या मापाला लसूणवेल किंवा जांभळ्या फुलांची पेट्रिया बरी. दोन्ही सावकाश वाढतात, म्हणजे सुरुवातीला मांडव उघडाबोडका दिसणार. तेवढ्यापुरतं दुसऱ्या खांबाशी गोकर्णीचं बी टाका, मुख्य वेल वर पोचली की गोकर्णी काढून टाका. आणि एवढ्या मांडवाला एकच रोप पुरतं. रोपवाटिकेत चार उचलायचा मोह होतो, तो तिथेच आवरा.

रोप खांबाला चिकटवून लावू नका. पायातल्या काँक्रीटमुळे तिथे मुळांना जागाही नसते आणि माती चुनखडी होते. खांबापासून फूट-दीड फूट अंतरावर खड्डा घ्या आणि रोप काठीच्या आधाराने खांबाकडे कलतं ठेवा. आळ्यात पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन करा, फक्त ते खोडाला टेकू देऊ नका. पहिलं वर्ष पाणी थोडं-थोडं रोज न देता, काही दिवसांच्या अंतराने पण भरपूर द्या. मुळं खोल गेली की पुढची बरीचशी कटकट मिटते.

प्रश्न : आमच्या मांडवाच्या चार खांबांवर बोगनवेल, मधुमालती, पेट्रिया आणि संक्रांतवेल आहेत. आता सगळ्यांचा गुंता झाला आहे. छाटणी कशी करू?

गुंता फांद्यांचा आहे, त्याहून जास्त वेळापत्रकाचा आहे. बोगनवेल आणि मधुमालती नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे बहर ओसरला की त्या बिनधास्त छाटाव्यात. पेट्रिया आणि संक्रांतवेल आधी वाढून पक्व झालेल्या फांद्यांवर फुलतात. त्यांना फुलं येऊन गेल्यावर लगेच छाटायचं. बहराच्या तोंडावर कात्री लागली, तर त्या हंगामाची फुलं गेली. चौघी एकमेकींत विणलेल्या असताना हे पथ्य पाळणं कोणालाही जमणार नाही.

एक जोडी ठेवा, दुसरी काढा. काढायची वेल बुंध्याशी कापा आणि वर तशीच सुकू द्या. काही आठवड्यांत पानं वाळतील, मग कोणती फांदी कोणाची ते आपोआप कळेल. तेव्हा वाळक्या फांद्यांचे तुकडे करून काढा. हिरवी असताना ओढाल तर शेजारणीच्या कोवळ्या फांद्याही मोडतील.

प्रश्न : वेल मांडवावर गेली आणि सगळा बहार वरच. खाली बसणाऱ्याला नुसत्या काटक्या दिसतात. रोपाला काही कमी पडतंय का?

रोप ठणठणीत आहे. पानंफुलं उजेडाकडे तोंड करणार, आणि उजेड छताच्या वरच्या बाजूला आहे. पर्गोल्याच्या देखण्या फोटोंत हे सहसा दिसत नाही, कारण ते बाहेरून काढलेले असतात.

त्यात आपली एक सवय भर घालते. रोपाला सरळ दोरी बांधून आपण ते झपाट्याने वर पाठवतो. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्यांच्या कळ्यांना, दबवून ठेवतं, म्हणून सरळ चढणारी वेल खाली फुटतच नाही. तीच फांदी आडवी किंवा तिरकी वळवली की हा दाब सैल होतो आणि डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात. म्हणून रोप दोन-तीन फुटांचं झाल्यावर शेंडा खुडा, मग आलेल्या फांद्यांपैकी दोन-तीन निवडून खांबाभोवती ऐसपैस वेढे देत चढवा. मऊ सुतळीने सैल बांधा. तार वापरलीत तर जाड होणाऱ्या खोडात ती रुतते.

तुमची वेल आधीच वर गेली आहे. तिच्या जुन्या फांद्यांपैकी एक यंदा गुडघ्याएवढ्या उंचीवर कापा, दुसरी पुढच्या वर्षी. सगळ्या एकदम कापू नका. शिवाय मांडवावरच्या फांद्या विरळ करा, म्हणजे उजेड खाली झिरपेल. नव्याने लावणार असाल तर खाली लोंबणारी वेल निवडा: थनबर्जिया मायसोरेन्सिसचे पिवळे-तांबूस घोस छतातून खालीच उतरतात, आणि कर्टन क्रीपर पडद्यासारखी सुटते. मात्र तेव्हा मांडव निदान आठ फूट उंच हवा, नाहीतर पाहुण्यांच्या डोक्यात पानं.

प्रश्न : लाकूड घ्यावं की लोखंड?

वेल चढल्यावर रंगाचा ब्रश आत जाणार नाही, एवढं धरून चाला. गॅल्वनाइज्ड पाइप किंवा पावडर कोटिंग केलेलं लोखंड कमी त्रासाचं. लाकडाचाच हट्ट असेल तर खांब जमिनीत गाडू नका. काँक्रीटमध्ये बसवलेल्या लोखंडी पायावर तो जमिनीपासून थोडा वर उचला. पाणी साचतं तिथेच लाकूड कुजतं. भिजलेल्या वेलीचं वजन आणि तिच्यावर येणारा वाऱ्याचा जोर हिशेबात धरा. नाजूक दिसणारे तयार सांगाडे इथेच मार खातात.

गुळगुळीत पाइपवरून वेल घसरते आणि तणावे, म्हणजे वेलीचे आधार पकडणारे तंतू, तर जाड खांब धरूच शकत नाहीत. खांबाच्या बाजूने थोडं अंतर सोडून तार ताणली की काम झालं.

प्रश्न : बोगनवेलीला नुसती पानंच येतात. खत वाढवू का?

उलट थांबवा. पाणी तोडा आणि दिवसातून सहा तास ऊन मिळतंय का ते पाहा. नत्र जास्त झालं की ती पानंच वाढवते. आणि तिला स्वतःहून आधार धरता येत नाही, नुसती काट्यांनी अडकते. तेव्हा बांधणी अधूनमधून करावीच लागेल.

प्रश्न : कृष्णकमळावर अळ्या आल्या आहेत. खालच्या टेबलावर त्यांची विष्ठा पडते. कोणतं औषध फवारू?

माणसं बसतात त्याच्या डोक्यावर औषध फवारू नये, असं माझं मत. अळ्या बहुधा फुलपाखरांच्या असतील. त्या पानं फस्त करतात, पण जोमदार वेल पुन्हा फुटते. अळ्या हाताने वेचता येतात. अगदीच नको असेल तर कृष्णकमळाच्या फांदीपासून नवं रोप करून ते कुंपणाला लावा आणि मांडवावर दुसरी वेल चढवा. अलमांडा नेऊ नका मात्र, छाटताना तिचा चीक कातडीला लागला की खाज सुटते.