इंटरनेट आणि पत्रकारांचे हक्क: यात पोट भरतं का?

प्रश्न: मुलगी रत्नागिरीला टीवायबीएला आहे, विषय राज्यशास्त्र. इंटरनेटबंदी, पाळत, पत्रकारांचे हक्क यांवर काम करायचं म्हणते. यात नोकरी मिळते का? राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या २०२३ मधल्या हत्येचं प्रकरण आठवून भीतीही वाटते. – एक पालक, देवगड

उत्तर: भीती अनाठायी नाही. पण वारिशे गावात राहून बातमीदारी करत होते. मुलगी म्हणते ते काम बहुतांशी टेबलावरचं आहे: कायद्यांचे मसुदे वाचायचे, हरकती लिहायच्या, माहिती अधिकारात कागद मिळवायचे, याचिकेसाठी वकिलांना टिपणं करून द्यायची.

दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, बंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी अशा इंटरनेटवरच्या हक्कांचं काम करणाऱ्या संस्थांत जागा थोड्या, त्याही बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या. म्हणून वकिलीची सनद हाताशी हवी. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करू दे. खुल्या गटाला पदवीत ४५ टक्के लागतात. राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. आंब्याच्या बागेवर कर्ज काढून परदेशी मास्टर्स आत्ता नकोच. दिल्लीत खासदारासोबत काम करायला मिळणारी, पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप मात्र जरूर बघा. वयाची अट २५ पर्यंत.

निवड करताना संस्था लिखाणाचा नमुना मागतात. तो घरबसल्या तयार होतो. तुमच्या नगरपंचायतीने चौकात सीसीटीव्ही लावले असतील तर तिने माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा: खरेदीचा ठराव, कंत्राट, चित्रण किती दिवस ठेवायचं याचा आदेश, या तिन्हींच्या प्रती. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत. फी १० रुपये. ‘कॅमेरे का लावले?’ असं विचारलं की अर्ज फसतो, कारण माहिती अधिकारी दप्तरात असलेला कागद देतो, खुलासा नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर उत्तमच! डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद, कसं बदललं, यावर तिला दोन पानं लिहिता येतील.

सोबत निकाल मुळातून वाचावेत, बातम्यांतून नव्हे: ऑनलाइन मजकुरावर गुन्हा ठरवणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द करणारा श्रेया सिंघल (२०१५), खासगीपणाचा पुट्टास्वामी (२०१७), इंटरनेटबंदीचा अनुराधा भसीन (२०२०). केंद्राविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार असलेल्या सरकारी फॅक्ट चेक युनिटची तरतूद रद्द करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २०२४ चा निकालही. प्रत्येकावर एक पान, इंग्रजीत. केंद्राचे मसुदे इंग्रजीत येतात आणि आपली मुलं तिथेच अडतात. टिपणात विशेषणं दिसली की खोडायला लावा. कलम आणि तारीख हवी.