फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा, एसएसडी बहुतेक ठणठणीत आहे

भाऊ, कॉम्प्युटर अजून त्या दुकानदाराकडे सोपवू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: २४० जीबीची एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) बसवून तिच्यावर विंडोज १० नव्याने टाकलं, जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क आतच ठेवली, सहा महिने सगळं सुरळीत चाललं. परवा जुनी डिस्क टकटक करायला लागली म्हणून काढली, तर काळ्या पडद्यावर ‘नो बूट डिव्हाइस’, म्हणजे चालू व्हायला डिस्कच सापडत नाही. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, आणि द्राक्षांच्या या हंगामाचा सगळा हिशोब एसएसडीतच आहे.

‘जुनी डिस्क परत लावली की सुरू होतं’ हे मात्र तुम्ही शेवटी जाता जाता उरकलंय. अहो, सगळं निदान त्याच वाक्यात आहे!

मशीन चालू होताना थेट विंडोजपाशी जात नाही. आधी एक छोटंसं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) शोधतं, साधारण १०० ते ५०० एमबीचं. विंडोज कुठे आहे ते त्यात लिहिलेलं असतं. नवीन विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असेल आणि तिच्यावर असं पार्टिशन आधीच असेल, तर इन्स्टॉलर नवीन बनवायच्या फंदात पडत नाही, तेच वापरतो. म्हणजे गाळा अंबडला आणि किल्ली पंचवटीतल्या घरी.

माझ्या सातपूरच्या वर्कशॉपमधल्या मशीनला हेच झालं होतं. रात्रभर मी डिस्क जोडायच्या साटा केबल बदलल्या, रॅम काढून खोडरबरने घासली, बोर्डावरचा सीआर २०३२ सेलसुद्धा नवा टाकला. पहाटे चहा घेताना सुचलं की आपण काढली ती डिस्कच परत लावून बघावी. तुम्हाला ते पहिल्याच दिवशी सुचलं.

आता काम. जुनी डिस्क लावून मशीन चालू करा आणि सगळ्यात आधी हिशोबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. टकटक करणारी डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही, आणि आपल्याला ती अजून अर्धा तास हवी आहे.

मग विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे पार्टिशनखाली ‘बूट’ आणि ‘सिस्टिम’ असे शब्द दिसतील. इथे भलेभले फसतात, कारण नावं उलटी आहेत: विंडोज असतं त्याला ‘बूट’ म्हणतात आणि चालू करणाऱ्या फाइली असतात त्याला ‘सिस्टिम’. एसएसडीच्या सी ड्राइव्हवर ‘बूट’ आणि जुन्या डिस्कवर ‘सिस्टिम’ दिसलं, की माझा अंदाज बरोबर. तिथेच सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक’ने ३०० एमबी मोकळे करा.

आता कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. (पुढच्या कमांड टाइप इंग्रजीतच करायच्या, मी फक्त उच्चार लिहितोय.) ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’. २४० ची डिस्क २२३ जीबी दिसेल आणि ५०० ची ४६५, त्यावरून नंबर ओळखा. हा नंबर दोनदा बघा. एसएसडीच्या ओळीत ‘जीपीटी’च्या (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) रकान्यात चांदणी (*) आहे का तेही बघा. असेल तर ‘सिलेक्ट डिस्क’ आणि एसएसडीचा नंबर, ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय साइज=२६०’, ‘फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२’, ‘असाइन लेटर=एस’, ‘एक्झिट’. यातला फॉरमॅट फक्त त्या नव्या इवल्या पार्टिशनचा आहे, घाबरू नका. पण ‘क्रिएट’ला एरर आली तर तिथेच थांबा, फॉरमॅटची कमांड देऊ नका.

शेवटची कमांड: ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. यातला पहिला एस तिरक्या रेघेनंतरचा, दुसरा ड्राइव्हचा. फाइली यशस्वीपणे तयार झाल्या असा संदेश आला, की मशीन पूर्ण बंद करा, पॉवरची वायर काढा, जुनी डिस्क सोडवा. चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन पहिल्या नंबरला एसएसडीचं ‘विंडोज बूट मॅनेजर’ ठेवा.

चांदणी नसेल तर वरचं काहीच करू नका. तिथे पार्टिशनच्या नोंदीची जुनी एमबीआर पद्धत आहे. सी पार्टिशन ‘अ‍ॅक्टिव्ह’ करून कमांड वेगळ्या द्याव्या लागतात, त्या मी तुमचं उत्तर आल्यावर लिहीन.

एक शंका आहे. दुकानदाराने बायोसमध्ये हात घातला असेल आणि साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून दुसऱ्या कशावर नेला असेल, तर विंडोजचा लोगो येऊन निळा पडदा येईल, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलेला. तेव्हा मोड पहिल्यासारखा करा, बस.

तो ‘त्यापेक्षा विंडोज ११ टाकू’ असंही म्हणेल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तो अगदीच चुकीचा नाही. पण ते हंगाम उरकल्यावर, निवांत.

जुनी डिस्क काढली तरी आठवडाभर कपाटात असू द्या, भंगारात देऊ नका. आणि चांदणी आहे की नाही, तेवढं आज रात्री कळवा.