ईटीओ (जहाजावरचा इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर) व्हायचंय? आधी लूप पक्का कर

जहाजाची वाट बघत बडोद्यात नुसता बसू नकोस. मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या पॅनेलवाल्याकडे काम धर आणि ४-२० मिलिअँपिअरचा लूप, म्हणजे सेन्सरचं माप करंटने मीटरपर्यंत नेणारं सर्किट, हातात बसव. ० ते १० बारचा दाब मोजणारा ट्रान्समीटर ५ बारला १२ मिलिअँपिअर देतो. दाब शून्य असला तरी ४ येतात, म्हणून मीटरवर शून्य मिलिअँपिअर आलं तर दाब गेलेला नाही, वायर तुटलीय किंवा सप्लाय गेलाय. पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर, त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५. तापमान उगाच चढलेलं दिसलं की आधी टर्मिनल आवळ. इंजिनाच्या कंपनांनी स्क्रू ढिले होतात, रोध वाढतो.

खरी डोकेदुखी अर्थ फॉल्टची, म्हणजे वीजवाहक तार जहाजाच्या लोखंडाला टेकण्याची. जहाजावर सहसा ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आणि न्यूट्रल हलला (जहाजाच्या सांगाड्याला) जोडलेला नसतो. त्यामुळे पहिल्या फॉल्टला ब्रेकर पडत नाही, फक्त अलार्म वाजतो. दुसऱ्या फेजवर फॉल्ट आला की थेट शॉर्ट, म्हणून अलार्म दाबून झोपायचं नाही. एकेक फीडर (वीजपुरवठ्याची शाखा) बंद करून फॉल्ट शोध. डेकवरचे दिवे, गॅलीचे (स्वयंपाकघराचे) हीटर आधी. ओल तिथेच शिरते. स्टीअरिंग गिअरला चीफ इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात नको. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारण्याआधी ड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं सोडव, ५०० व्होल्टला ती जळतात.

सर्टिफिकेट एसटीसीडब्ल्यू (खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) ३/६ चं लागतं, ते वेगळं प्रकरण.