अ‍ॅरेची वाढणारी बाजू शेवटी ठेवा

व्हीबीस्क्रिप्ट या मायक्रोसॉफ्टच्या स्क्रिप्ट भाषेतील दोन मितींच्या अ‍ॅरेत (ओळी-रकान्यांच्या तक्त्यासारख्या यादीत) 'रीडिम प्रिझर्व्ह'ने, म्हणजे आतली माहिती राखून आकार बदलणाऱ्या आज्ञेने, ओळी वाढवताना 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज' (क्रमांक मर्यादेबाहेर) ही त्रुटी येते, असे आपण आपल्या प्रश्नात लिहिले आहे. हा त्रास मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाचे काम पाहताना भोगला आहे.

'प्रिझर्व्ह' वापरल्यावर फक्त शेवटच्या मितीचीच वरची मर्यादा बदलता येते, आणि आपण ओळी पहिल्या मितीत ठेवल्या आहेत. म्हणून ओळी दुसऱ्या मितीत न्या. आधी अ‍ॅरे जाहीर करताना 'डिम सौदे()' असे रिकाम्या कंसाने लिहा, कारण कंसात आकडा घातला की अ‍ॅरे कायमचा ठरावीक आकाराचा होतो. मग 'रीडिम सौदे(3, 99)' करा. लॉट क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, वजन आणि दर हे चार रकाने 0 ते 3 मध्ये बसतात, आणि पुढे 'रीडिम प्रिझर्व्ह सौदे(3, 199)' विनातक्रार चालते. ही मांडणी कागदावरच्या तक्त्याच्या उलट वाटेल, पण डेटाबेसमधून माहिती आणणाऱ्या एडीओचे 'गेटरोज'सुद्धा रकाने आधी आणि ओळी नंतर अशाच क्रमाने देते.

आमचे खरे नुकसान मात्र या नियमाने केले नाही. ज्या पुरवठादाराने ती स्क्रिप्ट लिहून दिली होती, त्याने सुरुवातीलाच 'ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट' (त्रुटी आली तरी न थांबता पुढची ओळ चालवा, ही आज्ञा) घातले होते. हळदीचा हंगाम भरात आला की लॉट अ‍ॅरेच्या मर्यादेपलीकडे जात, आकार वाढवण्याची ओळ फसे, पुढचे लॉट नोंदलेच जात नसत आणि पडद्यावर एक अक्षरही उमटत नसे. दिवसाची बेरीज शेतकऱ्यांना दिलेल्या पट्ट्यांशी जुळेना, म्हणून दिवाणजी रात्री उशिरापर्यंत काटापट्ट्या पुन्हा तपासत बसत. पुरवठादार मात्र संगणक जुना झाला आहे, नवा घ्या, एवढेच सांगत राहिला. ती एक ओळ काढताच त्रुटी आणि तिचा ओळ क्रमांक समोर आला. दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्रुटी दडपणे मला अक्षम्य वाटते.

प्रत्येक लॉटला आकार वाढवू नका. दरवेळी सगळी माहिती नव्या जागी उतरवली जाऊ शकते, म्हणून शंभर-शंभरने वाढवा आणि शेवटी जादा भाग छाटा. ओळींची, म्हणजे दुसऱ्या मितीची, वरची मर्यादा 'यूबाउंड(सौदे, 2)'ने मिळते. एक्सेलच्या रेंजमधून घेतलेला अ‍ॅरे मात्र ओळी पहिल्या मितीत आणि 1 पासून मोजून देतो. तिथे नवा अ‍ॅरे करून दोन लूपने माहिती उतरवावी लागते.

माझा अनुभव व्हीबीस्क्रिप्ट आणि एक्सेलच्या व्हीबीए या मॅक्रो भाषेपुरता आहे. इतर भाषांचे नियम वेगळे असतात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2023 मध्ये व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे चालू स्क्रिप्ट दुरुस्त करून घ्या, पण नवे काम तिच्यात सुरू करू नका, असे माझे मत आहे.