दिवसभर कॅलिब्रेशनच करते, मग पुढे काय?

आदरणीय महोदय,

टी. वाय. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेली आपली कन्या उन्हाळी प्रकल्पात महिनाभर केवळ डिटेक्टरचे (किरण टिपणाऱ्या उपकरणाचे) कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात ऊर्जेच्या किरणांशी त्याची मोजपट्टी जुळवण्याचे काम, करत आहे आणि तिला दुर्मिळ अणुकेंद्रीय क्षयांच्या शोधातच पुढे जायचे आहे, असे आपण डोंबिवलीहून लिहिले आहे. हे तंत्रज्ञाचे काम असून त्यात तिची वर्षे वाया जातील, ही आपली काळजी मी समजू शकतो; परंतु ज्या कामाला आपण दुय्यम मानता, त्यावरच या संशोधनाची सारी भिस्त आहे.

अशा दुर्मिळ क्षयांपैकी न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय, ज्यात अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात पण न्यूट्रिनो हे कण पडत नाहीत, आजवर निर्विवादपणे आढळलेला नाही. शेकडो किलो स्फटिकांवर वर्षानुवर्षे नजर ठेवूनही, तो असलाच तर, मोजक्याच नोंदी हाती लागतील. त्या कोणत्या ऊर्जेला दिसाव्यात हे मात्र आधीच ठाऊक असते. टेल्युरियम-१३० साठी ती सुमारे २५२८ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) आहे. म्हणूनच इटलीतील ग्रान सासो पर्वताखालच्या क्युओरे या टेल्युरियमच्या प्रयोगात कॅलिब्रेशनसाठी थोरियमचा स्रोत वापरला गेला, कारण त्याच्या क्षयसाखळीतील थॅलियम-२०८ ची २६१५ केईव्हीची गॅमा रेषा तेथून जवळच पडते. मोजपट्टी सरकली, तर खरी नोंद निसटते किंवा भलताच किरण शोध म्हणून गणला जातो.

आपली कन्या कोबाल्ट-६० ची ११७३ आणि १३३२ केईव्हीची दोन शिखरे ऊर्जेच्या आलेखात रोज पडद्यावर पाहत असेल. रात्री एसी बंद झाल्यावर ती शिखरे काही चॅनल (आलेखावरचे ऊर्जेचे कप्पे) सरकलेली दिसणे आणि त्याचे कारण शोधावेसे वाटणे, हीच या क्षेत्राची खरी प्रवेशपरीक्षा आहे, असे माझे मत आहे.

मुंबईत राहून हे शिकता येते. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) कथील-१२४ च्या क्षयासाठी अतिशीत डिटेक्टर विकसित करण्याचे काम झाले असून त्यासाठीचे जर्मेनियमचे तापमान-संवेदक ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून घडवले गेले. तिने एम.एस्सी.साठी जॅम ही सामायिक प्रवेशपरीक्षा आणि त्याचबरोबर टीआयएफआरची प्रवेशपरीक्षा द्यावी. सोबत पायथन आणि सोल्डरिंग हातात बसवावे. पुढे संशोधनात मन रमले नाही, तरी एम.एस्सी.नंतर बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका करून रुग्णालयांत किरणोपचाराच्या यंत्रांची मात्रा तपासण्याचे काम करता येते, आणि तेथेही कॅलिब्रेशनच लागते.

निर्णयापूर्वी एका संध्याकाळी तिची नोंदवही मागून घ्या आणि सोमवारचे शिखर शुक्रवारी कुठे होते, एवढेच तिला विचारा. ती किती वेळ बोलते, ते मला कळवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक