'लीव्ह अँड लायसन्स'मधलं लीव्ह

प्रश्न असा आहे : 'फ्लॅट भाड्याने दिला, लीव्ह अँड लायसन्स करार केला. त्याचं मराठी करून पाहिलं तर "सोडा आणि परवाना करार" असं आलं. अकरा महिन्यांनी जागा सोडायची असते म्हणून लीव्ह, हे बरोबर का?'

नाही. या लीव्हचा सोडण्याशी काहीच संबंध नाही. इथे लीव्ह म्हणजे परवानगी.

इंग्रजीत हे दिसायला एक, पण मुळात दोन वेगळे शब्द आहेत. त्यातलं क्रियापद आपल्या रोजच्या ओळखीचं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'मागे राहू देणे' असा होता. निघून जाण्याचा अर्थ नंतर आला. आज ते एकच क्रियापद सगळीकडे चालतं. मराठीत मात्र गाडी सुटते, पाहुणे निघतात, नोकरी सोडतात, दार उघडं ठेवतात, ताटात भात टाकतात. आणि छत्री? ती बसमध्ये 'राहते'. इंग्रज म्हणतो मी छत्री सोडली. आपण म्हणतो छत्री राहिली. गंमत म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाला आपलं 'राहिली'च जास्त जवळचं आहे.

दुसरं लीव्ह हे नाम, अर्थ परवानगी. ऑफिसातली सिक लीव्ह म्हणजे कामावर न येण्याची परवानगी. राज्यघटनेच्या कलम 136 खाली सर्वोच्च न्यायालयात जी स्पेशल लीव्ह पिटिशन करतात, त्यात अपील करू देण्याची परवानगी मागितलेली असते. ब्रिटनमध्ये स्थायिक होणाऱ्यांना 'इन्डेफिनिट लीव्ह टू रिमेन' मिळते, म्हणजे बेमुदत राहण्याची परवानगी. त्याच ब्रिटनमध्ये युरोपीय संघात राहायचं की नाही यावरच्या 2016 च्या सार्वमतात लीव्ह आणि रिमेन हे एकमेकांविरुद्धचे पर्याय होते! दोन लीव्ह वेगळी आहेत याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा सापडणार नाही.

आपल्या 'रजा'नेही हाच प्रवास केला आहे, आणि मला या सगळ्यात तेच सर्वांत मोलाचं वाटतं. रजा मूळ अरबी, फारसीतून आलेला; अर्थ संमती. हिंदीतल्या 'रज़ामंदी'त तो अजून शाबूत आहे. मराठीत आधी जाण्याची परवानगी, मग सुट्टी, मग निरोप : 'बराच उशीर झाला, आता रजा घेतो.' इंग्रजीतलं 'टेक लीव्ह' नेमकं असंच. सुट्टीला जर्मनमध्ये उर्लाउब म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ परवानगीच. म्हणून 'रजा मंजूर होणे' हा शब्दप्रयोग इतका चपखल बसतो.

मग लीव्ह आणि लायसन्स दोन्ही कशाला? इंग्रजी कायद्याच्या भाषेत देशी शब्दाला फ्रेंच-लॅटिन जोडीदार देण्याची जुनी सवय आहे. आपलं 'कागदपत्र' किंवा 'बाजारहाट' तसंच : एक शब्द फारसीतला, एक संस्कृतकडून आलेला, अर्थ जवळजवळ एकच. करारात खरं वजन लायसन्सला आहे. 1882 च्या इझमेंट्स अ‍ॅक्टप्रमाणे लायसन्समुळे जागा वापरण्याची मुभा मिळते, जागेत हितसंबंध, म्हणजे जागेवर हक्क, निर्माण होत नाही. भाडेपट्ट्यात तो होतो. भाडेपट्टा वेगळा तो इथेच, त्यामुळे या कराराला 'भाडेपट्टा' म्हणणंही चूक.

मराठीत लिहायचंच असेल तर 'अनुमती आणि परवाना करार' लिहा. 'सोडा' तेवढं खोडून टाका.